फळ्यांच्या पलीकडचा रूळ

आमची शाळा म्हणजे आमचीच ओटी होती. ओटीला लागून फळ्यांची भिंत, भिंतीपलीकडे आमची एक खोली, खोलीत आमचे हे अंथरुणावर पडलेले, आणि इकडे पोरांच्या समोर मी उभी, कडेवर मुलगी. आता मी दुसऱ्या शाळेत आहे, पक्क्या भिंतींच्या, तरी वर्गात उभी राहिले की माझा एक कान पाठीमागंच असतो. तो पुढं आणायचा म्हटलं तरी येत नाही.

त्या फळ्या कल्याणजवळच्या लष्करी कॅम्पातल्या. लढाई संपून कॅम्पातलं लष्कर गेलं आणि सिंधी लोक तिथं राहायला यायच्या आधी तिथली कसली कसली खोकी विकली गेली, त्यातली काही वाडीच्या पाटलांनी गाडीवर घालून आणली होती. फळ्यांवर काळी इंग्रजी अक्षरं, काही उलटी, काही अर्धी कापलेली. ह्यांना ती वाचता यायची, मला नाही. मी अंबरनाथला मराठी पाचवीपर्यंत शिकले, तीही पुरी नाही, कारण आई बाळंतपणात गेली आणि धाकट्यांना बघायला घरात दुसरं कोणी नव्हतं. मग लग्न झालं आणि मी ह्यांच्या मागून त्या वाडीत आले, बदलापूर स्टेशनावरून उतरून चालत, सोनिवलीच्याही पलीकडे, डोंगराच्या अंगाला. भाताची शेतं, जंगल, आणि पाऊस गेला की अर्धी वाडी कोळशाच्या भट्ट्यांवर. मला सगळ्याची भीती वाटायची. रानाची, ओढ्याची, बायकांच्या बोलण्याची. मोठ्यानं बोलायला लागलं की माझा दमच पुरायचा नाही, वाक्य अर्धं असतानाच श्वास संपायचा.

हे तिथले एकटे मास्तर. पहिली ते चौथी सगळ्या इयत्ता एकाच ओटीवर. ह्यांच्या आधी एक मास्तर होते, ते आजारी पडून रजेवर गेले ते आलेच नाहीत, त्यांच्या जागी असल्या आडवाटेला कोणी यायला तयार होईना, शाळेला कुलूप लागलं आणि पोरं गुरांमागं गेली. ती गुरांमागून परत ओटीवर आणायला ह्यांना किती फिरावं लागलं ते मी बघितलंय. शेतात जाऊन बापाशी बोलायचे, बाप म्हणायचा बैल कोण बघेल, तर हे म्हणायचे सकाळी शाळा, दुपारी बैल, आणि तशी शाळेची वेळच करून टाकली होती. म्हणून खोकताना पहिल्यांदा रक्त पडलं, तेव्हा ह्यांनी मला आधी काय सांगितलं, तर वाडीत बोलू नकोस.

अंबरनाथच्या डॉक्टरांनी छातीवर बोटं ठोकून ठोकून बघितलं. म्हणाले, पडून राहायचं, मोठ्यानं बोलायचं नाही, पोरांच्या तोंडासमोर तर अजिबात बसायचं नाही, मुलीला जवळ घ्यायचं नाही, आणि जमलं तर इस्पितळात जायचं. रोगाचं नाव त्यांनी घेतलं, आम्ही कधी घेतलं नाही. आमच्यात तो खोकलाच राहिला. परत येताना हे वाटेत थांबून थांबून चालत होते, आणि थांबले की एकच म्हणायचे, रजा टाकली की शाळा गेली.

मी म्हटलं, जाऊ दे की शाळा.

हे पुढच्या झाडापर्यंत चालत गेले आणि बुंध्याला टेकले. मग म्हणाले, "तू बस पोरांसमोर."

"मी?"

"नुसती बस. मी आतून ऐकेन. पाढे येतात ना?"

"म्हणत गेलं तर येतात. मधूनच विचारलं तर नाही येत."

"मग पहिल्यापासून म्हणत जा," हे म्हणाले, जसं काही त्यात अवघड काहीच नव्हतं.

ओरडून सांगायची मनाई, म्हणून रूळ. मास्तरांकडे असतो तो गोल लाकडी, रेघा मारायचा. तो हे उशाशी घेऊन पडायचे. ठरलं असं की एक ठोका फळीवर म्हणजे चुकलं, दोन म्हणजे आत ये. बास. एवढ्यावर आमची शाळा चालायची होती, आणि हे पडून पडून बरे व्हायचे होते, आणि तोपर्यंत कुलूप लागू द्यायचं नव्हतं.

पहिल्या दिवशी पोरं येऊन बसली, पहिलीची पुढं, चौथीची मागं खांबापाशी, आणि मी दारातच उभी. मुलगी नुकती पाय टाकायला लागली होती, खाली ठेवावी तर अंगणात पळेल, आणि आत ठेवायची नव्हती. आतून दोन ठोके पडले. मी आत गेले. हे हळू म्हणाले, "अगं, दारात नाही, बाहेर उभी राहा." मग बाहेर आले तर सगळी ओटी हसत होती. मी "बे एके बे" म्हटलं. मागून आवाज आला, "काकू, ऐकाया येत नाय." मी परत म्हटलं. "आता बी नाय."

तो चौथीतला सगळ्यात मोठा पोरगा. भट्टीवर काम करून आलेला, हाताच्या रेघांत कोळसा बसलेला, आवाज बापयासारखा. त्याला शाळेत करमायला लागलं ते माझ्या चुकांमुळं. मी चुकले की फळीवर टक्कन ठोका पडायचा, आणि हा मागून म्हणायचा, "पडला." जशी चिंच पडावी. बाकीची पोरं खिदळायची. पुढं पुढं तर तो चिंचोके लावायला लागला, आज दुपारपर्यंत काकूवर किती पडतील, आणि जिंकायचाही. पोरं अशी वेळेवर यायला लागली, तशी ह्यांच्या वेळीही आली नव्हती.

अंगणाच्या कडेला एक म्हातारी टोपल्या विणत बसायची, पाटलांची चुलती. ती एकदा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "नवरा आतून ठोकतंय न् बायको भायेर बोलतंय. अशी शाला मी कंदी बघली नाय गं बाय." मी शरमून पाणी पाणी झाले. आतून ह्यांच्या हसण्याचा आवाज आला, आणि हसण्यापाठोपाठ खोकल्याचा.

रोज पोरं गेली की मी दाराच्या उंबऱ्यावर बसायचे, हे आतून दुसऱ्या दिवशीचं सांगायचे. मधे तेवढं अंतर ठेवायचो. हातात पाटी घेऊन मीही लिहायचे, माझीच शिकवणी. माझ्या मांडीवर मुलगी असायची, ती बाबांकडे जायला ओढ घ्यायची आणि मी तिला धरून ठेवायचे. हे तिच्याकडे बघायचे आणि मग भिंतीकडे तोंड करायचे.

पण तिनंच वाट काढली. ओटीवर खेळता खेळता ती फळ्यांशी गेली आणि तळहातानं भिंतीवर थापट मारली. आतून ठोका पडला, हलका. तिनं परत मारली. परत ठोका. मी तेव्हा तिसरीला वजाबाकी घालत होते, मला वाटलं मी चुकले, पुसलं, परत केलं, परत ठोका, परत पुसलं. तो मोठा पोरगा म्हणाला, "काकू, तुमाला नाय. बारकीला हाय ते." मग रोज सकाळी पोरं यायच्या आधी ती जाऊन थापट मारायची, आतून ठोका यायचा, आणि ती माझ्याकडे वळून बघायची, की बघ, आहे. बापलेकींचं एवढंच.

मला शिकवता येतं हे मला कळलं ते पाऊणकीच्या दिवशी. पावकी, निमकी, म्हणजे पावाचे आणि अर्ध्याचे पाढे, मी कसेतरी म्हणून घेतले होते, पण पाऊण म्हटलं की माझंच डोकं चालेना, मी लहानपणी तिथंच शाळा सोडलेली. पुस्तकात बघून म्हणत होते आणि ठोक्यावर ठोके पडत होते. शेवटी मी पुस्तक खाली ठेवलं. घाबरले की मी घरात जाते आणि भांडी हलवते, तशीच आत गेले, ह्यांच्याकडे न बघता चुलीजवळची मापं उचलली, शेर, मापटं, चिपटं, आणि टोपलीभर भाताचं तूस घेऊन बाहेर आले. अंगणात बसले. पोरं भोवती. चिपटं चार वेळा ओतलं की शेर भरला, मापटं दोनदा ओतलं की शेर भरला. मी म्हटलं, चिपटं म्हणजे पाव, मापटं म्हणजे अर्धा, हे तुमच्या आयांना विचारा, मला नको. मग मापट्यावर एक चिपटं ओतलं आणि विचारलं, आता शेरात किती?

तो मोठा पोरगा पुढं आला, बराच वेळ शेरात वाकून बघत राहिला, आणि म्हणाला, "शेराला एक चिपटं कमी."

"त्याला पाऊण म्हणायचं," मी म्हटलं.

"म्हंजे एवढंच?" तो म्हणाला. त्याला राग आल्यासारखा वाटला. "भट्टीवर शेठ पाऊण पाऊण करतो ता एवढंच?"

मग त्यानंच सगळ्यांना ओतून दाखवलं. तूस उडून सगळ्यांच्या डोक्यांवर, पहिलीची पोरं शिंकतायत, म्हातारी टोपली टाकून बघायला आलेली. मी कितीतरी वेळ बोलत होते आणि मला दम लागला नव्हता. ते मला मागाहून लक्षात आलं. आणि आतून एकही ठोका नव्हता. मी पोरांना सोडलं, तेव्हा फळीवर तीन ठोके पडले, हळू, एकामागून एक. तीन असं आमचं काही ठरलेलं नव्हतं. मी आत जाऊन विचारलं, तीन म्हणजे काय?

"काही नाही," हे म्हणाले. "उगाच. ऐकत होतो."

थंडीत डिपोटी आले. शाळा तपासणारे साहेब, त्यांना सगळे डिपोटी म्हणायचे. बांधावरून डोकीवर टोपी घातलेला माणूस येताना दिसला तेव्हाच पोरांनी बातमी आणली, पण करणार काय. ते खुर्चीवर बसले. पाटील म्हणाले, मास्तरांना आज जरा कणकण आहे. डिपोटींनी माझ्याकडे बघितलं, मुलीकडे बघितलं, म्हणाले, "मग आज तुम्ही बघताय का? चालू द्या."

नकाशा समोर होता म्हणून मी भूगोल काढला. उल्हास नदीवर बोट ठेवलं आणि कर्जतवरून, बदलापूरवरून, कल्याणवरून बोट नेत नेत सांगितलं, ही मुंबईजवळ समुद्राला मिळते.

टक्.

मला वाटलं जमीन दुभंगावी. तो मोठा पोरगा, देव त्याचं भलं करो, उभा राहून म्हणाला, "उंदीर हाय, साहेब."

डिपोटी फळ्यांकडे बघत राहिले. "वसईच्या खाडीला मिळते," ते म्हणाले. "तुमच्या उंदराला भूगोल चांगला येतो."

मग ते उठून आत गेले. मी बाहेर खांबाला धरून उभी. आत काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही, दोघंही हळू बोलत होते. बाहेर आल्यावर त्यांनी माठापाशी जाऊन हात धुतले, रुमालाला पुसले, आणि मला बाजूला बोलावलं. "उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत मी काही पाहिलेलं नाही," ते म्हणाले. "सुट्टीनंतर मी येईन तेव्हा ओटीवर मास्तर उभे दिसले पाहिजेत. नाहीतर मला कुलूप घालावं लागेल, बाई, माझा इलाज नाही." बांधापर्यंत गेले आणि परत मागं आले. म्हणाले, "तुम्ही फायनलला बसा." मराठी सातवीची मोठी परीक्षा, ती झाली की मास्तरकी मिळायची. मला आधी वाटलं चेष्टा करतायत. मग त्याचा अर्थ कळला, आणि मी कोणाला बोलले नाही. ह्यांनाही नाही.

ह्यांच्यावर मात्र मी रागावले. साहेब समोर बसलेत हे ठाऊक असताना ठोकायचं कशाला?

"चूक होती," हे म्हणाले.

"एका दिवसानं काय झालं असतं?"

"त्यांच्या डोक्यात तशीच राहिली असती. कायमची."

त्यानंतर मी एकच धरलं, सुट्टीपर्यंत ह्यांना उभं करायचं. रविवारी मुलीला म्हातारीपाशी ठेवून औषधाला त्याच कॅम्पात, दोन नंबरच्या वसाहतीत जायची. तिथं बाजार एवढा वाढला होता, बराकीच्या दारादारात कोणी पापड लाटतंय, कोणी कापड मोजतंय, कोणी शिवणयंत्र चालवतंय, आणि सगळे आपलं गाव सोडून आलेले. औषधवाला सिंधी, म्हातारा. प्रत्येक वेळी विचारायचा, "मास्टर साब उठा?" मी म्हणायची, उठेगा. एकदा तो बाटली कागदात गुंडाळता गुंडाळता थांबला आणि म्हणाला, "बेटी, तू खुद कुछ खाती है?" मी नुसती बाटली घेतली आणि निघाले. रस्त्याला लागल्यावर मला रडू आलं.

मधे ठोके कमी व्हायला लागले. मला काय वाटलं असेल? मला वाटलं, मला यायला लागलं. आणि यायलाही लागलं होतं, ते खोटं नाही. चौथीची बेरीज मी न बघता तपासायची, कविता तोंडपाठ, पोरं माझ्याकडे बघून ऐकायची, भिंतीकडे बघून नाही. त्या मोठ्या पोराचा चिंचोक्यांचा धंदा बसला. तो तक्रार करायचा, "काकू, चुका की जरा." एक दिवस सबंध सकाळ एकही ठोका नाही. मी धावत आत गेले, उंबऱ्याशीच बसून म्हटलं, आज एकही नाही बघा. हे हसले. म्हणाले, "हो. आता मी कशाला ठोकू."

आणि मी आनंदानं भाकरी टाकायला गेले.

मग एकदा मी फळ्यावर हातच्याचा एक विसरले आणि तशीच पुढं गेले. कितीतरी वेळानं त्या मोठ्या पोरानं बोट केलं. म्हणाला, "काकू, ता चुकलंय." मी बघितलं, खरंच चुकलं होतं. तो म्हणाला, "मास्तर ठोकलं नाय." सगळी पोरं फळ्यांकडे बघायला लागली. मी आत गेले. रूळ खाटेखाली घरंगळून पडला होता आणि हे त्याच्याकडे बघत पडले होते. कधीपासून, ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मी रूळ उचलून हातात दिला. बोटं त्याच्याभोवती मिटेनात. मी लुगड्याच्या काठाची चिंधी फाडली आणि रूळ त्यांच्या मनगटाला बांधला, सैल, म्हणजे हात जरासा हलला तरी फळीला लागेल. तेव्हा मी त्यांच्या जवळ बसले होते, उंबऱ्यावर नाही.

त्या दिवसापासून मी मुद्दाम चुकायला लागले.

रोज एखादी चूक, कुठंतरी मधे. बारा न् सात अठरा म्हणायची आणि थांबायची. पाठीमागं कान. आतून टक् व्हायचं, अगदी बारीक, चिमणीनं चोच मारल्यासारखं, आणि माझा अडकलेला श्वास सुटायचा, आणि मी म्हणायची, हो, एकोणीस, चुकलेच. पोरांना आधी गंमत वाटली. मग ती गप्प झाली. मी चुकले की तीही माझ्याबरोबर थांबायची, सगळी ओटी कान देऊन बसलेली, पहिलीतलीसुद्धा. "पडला" असं आता कोणी म्हणत नव्हतं. त्यांना मी काही सांगितलं नव्हतं.

शिमगा झाला. ऊन तापलं, सुट्टी जवळ आली. त्या सकाळी मी ह्यांचं तोंड पुसलं, केस सारखे केले. मुलीनं बाहेरून थापट मारली, ह्यांनी मनगट हलवलं, पण फळीपर्यंत पोचलं नाही, मीच त्यांचा हात धरून ठोकलं. तिला ते कळलं नाही, ती पळाली खेळायला. ह्यांनी विचारलं, आज काय घेणार. मी म्हटलं, पाढ्यांची उजळणी.

"सातचा घे," हे म्हणाले. "सातात कच्ची आहेत."

हे त्यांचं शेवटचं बोलणं, पण तेव्हा ते मला एवढंच वाटलं, की सातचा घ्यायचा.

मी सातचा घेतला. मी पुढं, पोरं मागून. सात एके सात, सात दुणे चौदा. उन्हाची तिरीप ओटीवर आलेली, म्हातारीचा कोयता बांबूवर चाललेला. सात साती एकोणपन्नास, सात आठी छप्पन. तिथं मी श्वास घेतला आणि म्हटलं, "सात नव्वे बासष्ट."

आणि थांबले.

पोरांनी मागून म्हटलं नाही. ती थांबली. मी भिंतीकडे पाठ करून उभी होते, पोरांची तोंडं भिंतीकडे. मी त्यांच्या तोंडांकडे बघत होते, म्हणजे फळ्यांकडे बघायला नको. वाटलं, हात लांब गेला असेल, वेळ लागेल. वाटलं, डोळा लागला असेल. म्हातारीचा कोयताही कधी थांबला कळलं नाही.

तो मोठा पोरगा उभा राहिला. त्याचा तो बापयासारखा आवाज, पण इतका हळू मी कधी ऐकला नव्हता.

"त्रेसष्ट, बाई."

तोवर मी त्यांची काकू होते.

मी म्हटलं, "त्रेसष्ट." पोरं म्हणाली, सात नव्वे त्रेसष्ट. मी म्हटलं, सात दाहे सत्तर. पोरं म्हणाली. पाढा संपला. मला आत जायला हवं होतं, पाय दाराकडे वळले होते, आणि मी तोंडानं म्हटलं, "परत म्हणा. पहिल्यापासून." कारण मी आत गेले नाही तोवर काही झालेलं नव्हतं. पोरांनी परत म्हटलं, आणि कच्ची कुठंच राहिली नाहीत, एकसुरात, खणखणीत, अंगणभर. एवढा चांगला पाढा त्या ओटीवर कधी झाला नसेल. दुसऱ्यांदा सत्तर आलं तेव्हा म्हातारी उठली, माझ्या पायाशी आलेली मुलगी तिनं आपल्या कडेवर घेतली आणि म्हणाली, "जा गं बाय. मी हाय."

मी आत गेले. रूळ फळीला टेकूनच होता.

वाडीनं ह्यांचं सगळं केलं. सुट्टीत भावानं मला अंबरनाथला नेलं, पण शाळा उघडायच्या दिवशी मी मुलीला घेऊन परत आले. मला कोणी बोलावलं नव्हतं. डिपोटी येणार आणि ओटी रिकामी दिसणार, एवढंच मला दिसत होतं. ते आले तेव्हा मी उभी होते, पोरं बसलेली होती. त्यांना कळलेलं होतं. ते खुर्चीवर बसले नाहीत, अंगणातच उभे राहिले, टोपी हातात घेऊन, आणि पोरांना म्हणाले, पाढा म्हणा. कुठला ते त्यांनी सांगितलं नाही. पोरांनी सातचा म्हटला.

कुलूप लागलं नाही. फायनलला मी बसले, गणितात गेले, परत बसले आणि सुटले. पुढं दुसरे मास्तर वाडीला मिळाले, ट्रेनिंग झालेले, तेव्हाच मी ती ओटी सोडली. खोली त्यांना द्यायची म्हणून मी ती झाडली, सारवली. फळ्यांवर आतल्या बाजूनं एका ठिकाणी रुळाच्या टोकाचे वण होते, इंग्रजी अक्षरांच्या मधोमध, लाकूड जरा दबलेलं. सारवणाच्या हातानं मी त्यांना शिवले नाही.

आता कॅम्पातल्या शाळेत आहे. बराकीतली शाळा, भिंती अशा जाड की शेजारच्या वर्गाचं काही ऐकू येत नाही. वर्गात सिंधी पोरं बरीच, चुकलं की हात वर करून ओरडतात, "टीचर, गलत है, गलत है." मी अजून चुकते. मुद्दाम, दिवसातून एकदा, आणि थांबते. मधे हेडमास्तर दारात उभे राहून बघत होते, नंतर म्हणाले, तुमची ही पद्धत चांगली आहे बाई, पोरं जागी राहतात, ट्रेनिंगला शिकवलं का? मी मान हलवली.

माझी मुलगी यंदा पहिलीत माझ्याच वर्गात आहे. तिला त्यातलं काही आठवत नसणार, एवढीशी होती. बाबांचा चेहरा विचारला तर सांगता येत नाही, आणि तो तिला जवळून दाखवलाच नव्हता आम्ही. पण मी चुकून थांबले की बाकीची पोरं ओरडतात, ती ओरडत नाही. ती माझ्या पाठीमागच्या भिंतीकडे बघते. मग माझ्याकडे. आणि मी पुढचं म्हणते.